काठिण्य म्हणजे झीजरोध नव्हे : प्रगत सिरॅमिकविषयीच्या एका समजुतीची चिकित्सा

पदार्थ जितका कठीण तितकी त्याची झीज कमी, हे विधान पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात बहुधा गृहीत धरले जाते. त्याला आधार मिळतो तो आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेल्या सूत्राचा. झिजलेल्या द्रव्याचे आकारमान भार व घर्षण-अंतर यांच्या सम प्रमाणात, तर काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते, असे हे सूत्र सांगते. धातूंच्या अभ्यासात ते उपयुक्त ठरले, यात शंका नाही. प्रगत सिरॅमिकच्या बाबतीत मात्र सूक्ष्मसंरचना आणि परिसर हे दोन्ही निर्णायक घटक त्यातील एकाच स्थिरांकात दडून राहतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम सूक्ष्मसंरचना. ॲल्युमिनाचा स्फटिक निरनिराळ्या दिशांनी असमान प्रसरण पावतो. त्यामुळे भट्टीतून थंड होताना कणसीमांवर ताण साचतो. कण मोठे असल्यास या सीमा लवकर तडकतात, संथ झीज एकाएकी तीव्र होते आणि अख्खे कणच उखडून येतात. काठिण्याचा आकडा या बदलाची पूर्वसूचना देत नाही.

१९४१ मध्ये सुरू झालेल्या ग्राइंडवेल कंपनीमुळे पनवेलनजीकच्या उरण तालुक्यातील मोरा हे गाव ग्राइंडिंग व्हीलच्या उत्पादनाशी जोडले गेले. या चाकात झीज हा दोष नसून योजना असते. बोथट झालेला कण बंधकातून सुटावा व नवी धार उघडी पडावी, अशी त्याची रचना असते. कण तेच ठेवून बंधक व छिद्रांचे प्रमाण बदलले, तरी चाकाची झीज बदलते. शिवाय सिलिकॉन कार्बाइड ॲल्युमिनापेक्षा कठीण असूनही पोलाद घासताना अधिक लवकर झिजते, कारण तप्त लोहाशी त्याची रासायनिक अभिक्रिया होते. मूळ समजुतीला याहून स्पष्ट प्रत्युत्तर क्वचितच सापडेल.

परिसराचा परिणाम नेहमी एकाच दिशेने होतो, असेही नाही. टोमिझावा व फिशर यांनी १९८७ साली सिलिकॉन नायट्राइडचे पृष्ठभाग पाण्यात परस्परांवर घासले, तेव्हा घर्षणगुणांक ०.००२ च्याही खाली गेल्याचे आढळले. अभिक्रियेतून बनणारी सिलिका विरघळत जाते व पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की पाण्याचा पातळ थरच भार पेलतो. झिर्कोनियाला मात्र हेच पाणी घातक ठरू शकते. तडेच्या टोकाशी स्फटिकरूप बदलून आकारमान वाढते व तड रोखली जाते, हे त्याच्या चिवटपणाचे रहस्य. ओलाव्यात तोच बदल पृष्ठभागावर आपोआप घडू लागला, की पृष्ठभाग खडबडीत होऊन त्यात सूक्ष्म तडे जातात. २००१ साली एका फ्रेंच उत्पादकाला कृत्रिम खुब्यासाठीचे झिर्कोनियाचे गोळे परत मागवावे लागले. भट्टीची पद्धत बदलल्यानंतर बनलेले काही गोळे रुग्णांच्या शरीरात फुटले होते. हे उदाहरण निव्वळ झिजेचे नसून भंगाचे आहे. तरीही रासायनिक घटक तेच असताना भाजणीतील फरक किती महागात पडतो, हे त्यावरून ध्यानी येते.

सारांश, झीजरोध हा पदार्थाचा स्वतंत्र गुणधर्म नसून पदार्थ, त्याची घडण आणि त्याचा परिसर यांच्या संबंधाचे ते फलित आहे. म्हणून कणांचा आकार, सच्छिद्रता, तापमान व सापेक्ष आर्द्रता यांची नोंद नसलेला झिजेचा तक्ता तुलनेस अपात्र मानावा लागेल. पनवेलची आषाढातील हवा आणि माघातील हवा एक नसते. आपल्या महाविद्यालयीन प्रयोगवह्यांत झिजेच्या आकड्याशेजारी आर्द्रतेचा रकाना असणे, ही या अभ्यासाची किमान अट होय.