मराठी वाक्य आणि तत्त्वज्ञानाचे पदव्युत्तर अध्ययन

मराठीतून तत्त्वज्ञानाच्या एम. ए. पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी जी चर्चा होते, ती बहुधा परिभाषेपासून सुरू होते आणि परिभाषेपाशीच थांबते. अमुक इंग्रजी संज्ञेला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे यात शंका नाही. आणि त्या दिशेने झालेले कार्यही लहान नाही. दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. ‘नवभारत’ आणि ‘परामर्श’ यांसारख्या नियतकालिकांनी तत्त्वचर्चेला योग्य असे गद्य घडविले. पाश्चात्त्य दर्शनातील कठीण युक्तिवाद मराठीत स्वच्छपणे मांडता येतात, हे मे. पुं. रेगे यांच्या लेखनाने सिद्ध केले. असे असूनही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील मराठी पुष्कळदा निर्जीव वाटते. संज्ञा बिनचूक असतात. वाक्य मात्र परके असते. हा दोष शब्दांच्या उणिवेतून उद्भवत नाही. वाक्याकडे झालेल्या दुर्लक्षातून तो उद्भवतो.

तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील सर्वपरिचित उदाहरण घ्यावे: ‘सर्व माणसे मर्त्य आहेत.’ हे वाक्य अशुद्ध नाही; परंतु व्यवहारात असे कोणी बोलत नाही. सामान्य मराठी भाषक ‘माणूस मर्त्य असतो’ असे म्हणेल. ‘आहे’ आणि ‘असतो’ ही एकाच ‘असणे’ या क्रियापदाची दोन रूपे होत, आणि त्यांचे कार्य भिन्न आहे. ‘पाणी थंड आहे’ हे समोरच्या भांड्यातील पाण्याविषयीचे वाक्य. ‘बर्फ थंड असते’ हे बर्फाच्या स्वभावाविषयीचे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच क्रियारूप येते. पाठ्यपुस्तकाने इंग्रजी वाक्याचा साचा जसाच्या तसा उचलल्यामुळे मराठीत सहज उपलब्ध असलेला भेद प्रथम झाकला जातो, आणि पुढे हाच भेद एक अवघड पाश्चात्त्य समस्या म्हणून विद्यार्थ्यापुढे येतो.

ही समस्या म्हणजे निसर्गनियम आणि योगायोगाने खरे ठरलेले सामान्य विधान यांतील भेदाची. नेल्सन गुडमन यांनी १९४७ सालच्या एका निबंधात ती खिशातील चांदीच्या नाण्यांच्या उदाहरणाने मांडली. एखाद्या दिवशी खिशात असलेली सर्व नाणी चांदीची असतील; परंतु त्यावरून तांब्याचे नाणे खिशात टाकले असते तर तेही चांदीचे झाले असते, असा निष्कर्ष निघत नाही. उलट, तांब्याच्या सर्व तारा वीजवाहक असतात यावरून, ही दोरी तांब्याची असती तर तिच्यातूनही वीज वाहिली असती, असे म्हणता येते. आता मराठी वाक्ये पाहावीत. ‘माझ्या खिशातील नाणी चांदीची आहेत’ आणि ‘तांबे वीजवाहक असते’ ही रूपे आपोआप वेगळी पडतात. पहिल्या वाक्यात ‘असतात’ घातले तर अर्थच पालटतो. बोलणारा चांदीचीच नाणी बाळगण्याची आपली सवय सांगत आहे असे वाटू लागते. मराठी विद्यार्थ्याला हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. तो त्याच्या बोलण्यात आहे, याची जाणीव तेवढी करून द्यावी लागते.

अर्थात, येथे घाई करणे योग्य होणार नाही. ‘असतो’ हे रूप म्हणजे तर्कशास्त्रातील सर्वव्यापी विधान, असे समीकरण मांडता येत नाही. ‘कावळे काळे असतात’ हे वाक्य एखादा पांढरा कावळा आढळल्याने खोटे ठरत नाही. ‘सर्व कावळे काळे आहेत’ हे ठरते. तेव्हा पाठ्यपुस्तकातील परक्या वाटणाऱ्या वाक्याच्या बाजूनेही काही म्हणण्याजोगे आहे: त्याला अपवाद सहन होत नाही, आणि निगामी तर्काला तसेच वाक्य हवे असते. परंतु हे ‘का’ हवे असते, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून त्यांतील अंतर विचारले गेले, तर तर्कशास्त्राचा पहिला धडा पाठांतराचा न राहता चिंतनाचा होईल.

निषेधाच्या बाबतीत मराठीची संपत्ती याहूनही लक्षणीय आहे. ‘जमिनीवर घट नाही’ आणि ‘घट म्हणजे पट नव्हे’ या दोन वाक्यांत मराठी दोन वेगळी रूपे योजते. न्यायदर्शनातही या दोन निषेधांचे विषय दोन मानले आहेत: पहिल्यात संसर्गाभाव, दुसऱ्यात अन्योन्याभाव. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचणारा विद्यार्थी अभावाचे चार प्रकार पाठ करतो. पण आपल्या घरी रोज बोलल्या जाणाऱ्या ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांच्याशी त्या प्रकरणाचा काही संबंध आहे, हे त्याच्या क्वचितच ध्यानात येते. येथेही भाषा आणि शास्त्र यांचे तंतोतंत जुळते असे नाही. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’चे क्षेत्र आकुंचित झाले असून ‘तो शिक्षक नव्हे’ याऐवजी ‘तो शिक्षक नाही’ असेच बहुधा ऐकू येते. परंतु याच ठिकाणी प्रश्न विचारण्यास उत्तम संधी आहे. तो शिक्षकाहून भिन्न आहे असे म्हणणे, आणि त्याच्या ठिकाणी शिक्षकत्व नाही असे म्हणणे, यांत भेद आहे काय? घटाचा भेद आणि घटत्वाचा अत्यंताभाव ही एकच वस्तू की दोन, ही नव्यन्यायातील चर्चा याच स्वरूपाची आहे.

सर्वत्र मराठी साहाय्यास येते असे मात्र नाही. ‘ईश्वर आहे’ आणि ‘ईश्वर सर्वज्ञ आहे’ या वाक्यांत ‘आहे’ हे एकच रूप अस्तित्वही सांगते आणि गुणाचा संबंधही जोडते. अस्तित्व हा वस्तूच्या स्वरूपात भर घालणारा गुण नव्हे, हा कांटने १७८१ साली मांडलेला विचार मराठी वाचकालाही इंग्रजी वाचकाइतकाच प्रयासाने मिळवावा लागतो. भाषा तत्त्वज्ञान आयते देत नाही. विचाराला कोठे आधार आहे आणि कोठे सापळा आहे, एवढे ती दाखविते.

सापळ्याचे उत्तम उदाहरण ‘विधान’ या शब्दाचे होय. इंग्रजीतील ‘स्टेटमेंट’ आणि ‘प्रॉपोझिशन’ या दोन्ही संज्ञांसाठी मराठीत हा एकच शब्द रूढ झाला आहे. परिणामी, दोन निरनिराळी विधाने एकच विधान व्यक्त करतात, असे विचित्र वाक्य विद्यार्थी लिहितो आणि त्यातील विसंगती त्याला जाणवत नाही. शिवाय ‘विधान’ आणि ‘विधी’ यांचे मूळ एक. मीमांसाशास्त्रात विधी म्हणजे कर्तव्याची आज्ञा. म्हणजे परंपरेत ज्या शब्दाचे सख्य आज्ञेशी, तोच आज वस्तुस्थितीच्या कथनासाठी योजला जातो. ए. जे. एअर यांनी १९३६ साली मांडलेले मत मराठीत सांगू जाता ‘नैतिक विधान हे विधानच नव्हे’ असे म्हणावे लागते. वाक्य स्वविरोधी भासते. परंतु त्या विरोधाभासाची उकल करणे हाच एअर यांच्या मताचा खरा अभ्यास होय. पर्यायी शब्द सुचवून ही अडचण दूर केली, तर शिकण्याजोगी गोष्टच दूर होईल.

संज्ञेच्या अडचणीतून तत्त्वज्ञान कसे जन्मास येते, याचा एक दाखला पुण्यातच घडला आहे. १९८३ साली तेथे पारंपरिक पंडित आणि आधुनिक तत्त्वचिंतक यांचा संवाद भरविण्यात आला. दया कृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ यांनी संपादिलेला त्याचा वृत्तांत १९९१ साली ग्रंथरूपाने निघाला. बर्ट्रांड रसेल यांची ‘प्रॉपोझिशन’विषयीची उपपत्ती नैयायिकांपुढे संस्कृतातून ठेवण्यात आली होती. ज्ञान आणि वाक्य यांहून निराळा, सत्य-असत्यतेचा आश्रय असा अमूर्त अर्थ न्यायाच्या सात पदार्थांत बसत नाही. तेव्हा ‘याला संस्कृतात काय म्हणावे’ हा प्रश्न ‘असे काही मानण्याची गरज आहे काय’ या प्रश्नात परिणत होणे अटळ होते. अनुवादाचे काम तत्त्वचिंतनाचे काम झाले.

तर्काला भाषेच्या वळणांशी कर्तव्य नाही, चिन्हलिपी त्यासाठीच निर्माण झाली, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु ‘कावळे काळे असतात’ हे वाक्य चिन्हांत बसवावयाचे, तर ते सर्वव्यापी मानावयाचे की नाही हे आधी ठरवावे लागते. आणि तो निर्णय चिन्हलिपी देत नाही.

यातून निघणारी सूचना साधी आहे. ज्या विभागांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, तेथे पहिल्या वर्षाच्या तर्कशास्त्रात आणि ज्ञानमीमांसेत मराठी वाक्यांचे पृथक्करण नियमित करून घ्यावे, आणि प्रश्नपत्रिकेतही त्यास स्थान द्यावे. ‘अभावाचे प्रकार सांगा’ या प्रश्नाबरोबर ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांतील भेद तपासण्यास सांगणारा एक प्रश्न असावा. गागाभट्ट, गुडमन किंवा गंगेश यांच्या ग्रंथांचे महत्त्व त्यामुळे कमी होणार नाही. तसे न झाल्यास विद्यार्थी दोन वर्षांत शेकडो संज्ञा आत्मसात करील, परीक्षा उत्तीर्ण होईल आणि पुढे अध्यापक होऊन त्याच संज्ञा पुढील पिढीच्या हाती देईल. मात्र ज्या भाषेत तो शंका घेतो, तीत त्याने एकही तात्त्विक शंका घेतलेली नसेल.