स्थळनाम आणि विशेषण : औरंगाबादच्या प्रवासी-पुस्तिकांविषयी

छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे २०२३ पूर्वीच्या औरंगाबादच्या, प्रवासी-पुस्तिकांत एक प्रयोग हटकून आढळतो : बीबी का मकबरा म्हणजे ‘दख्खनचा ताज’. वरवर पाहता ही स्तुती होय; वस्तुतः ती इमारतीवरील शिक्षा आहे. एकदा ताज म्हटले की प्रेक्षक उणे तेवढे मोजू लागतो. दिलरस बानू बेगमेच्या या कबरीवरील वास्तूत घुमट व भिंतींचा तळचा भाग संगमरवरी, मधले सारे काम गिलाव्याचे. त्या गिलाव्यावरील नक्षी हे स्वतंत्र कौशल्य आहे. पुस्तिकेला मात्र त्यात केवळ काटकसर दिसते. प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही नावे कोरलेली आहेत. त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

याउलट लोकांच्या तोंडची नावे पाहावीत. मराठी माणूस ‘बीबी का मकबऱ्यात’ असे म्हणतो. हिंदीच्या नियमाने येथे ‘के’ हवे. परंतु मराठीने संपूर्ण नाव एकच शब्द मानून फक्त अंत्य पदाला आपला प्रत्यय लावला आणि ‘का’ जसाच्या तसा ठेवला. परक्या नामाला घरात घेण्याची ही रीत व्याकरणाच्या अभ्यासकाने अवश्य टिपावी. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे तर शुद्ध मार्गदर्शन करतात : दरवाजा कशासारखा आहे हे न सांगता, वाट कोठे जाते एवढेच ती सांगतात. ‘मकाई दरवाजा’ हे नाव मक्का या नगरनामावरून आलेले. आजच्या कानाला मात्र त्यात मक्याचे कणीस ऐकू येण्याचा संभव आहे. येथे एका ओळीचे स्पष्टीकरण हवे, नेमके तेच मिळत नाही.

पाणचक्कीची स्थिती याहून चमत्कारिक. पाणी आणि चक्की हे दोन शब्द यंत्राचे कार्य सांगून मोकळे होतात. डोंगरातून नळाने आणलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते आणि जाते फिरवण्याची त्याची शक्ती तेथेच उघड दिसते. पुस्तिका यास ‘प्राचीन चमत्कार’ म्हणतात. मोगल अमदानीतील वास्तूस प्राचीन म्हणणे कालदृष्ट्या चूक, आणि ‘चमत्कार’ म्हटल्याने नळ, उतार व दाब यांविषयीचा प्रश्नच खुंटतो. चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिचे पीठ तेथील फकीर-यात्रेकरूंच्या भाकरीसाठी होते, हे मात्र एखाद्याच पुस्तिकेत वाचावयास मिळते.