'डेथ ट्रॅप्स' वाचताना

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्यांवर काही वाचायला घेतलंत, की बेल्टन कूपरचं १९९८ सालचं 'डेथ ट्रॅप्स' तुमच्या हाती येणारच. जरूर वाचा. पण प्रबंधात त्याचा संदर्भ देण्याआधी जरा थांबा.

कूपर थर्ड आर्मर्ड डिव्हिजनमध्ये दुरुस्तीच्या कामावर होता. तो लिहितो, डिव्हिजनकडे सुरुवातीला २३२ शर्मन होते. युद्ध संपेपर्यंत ६४८ नष्ट झाले, शिवाय ७०० निकामी होऊन दुरुस्त झाले. आतलं रक्त धुऊन, रंग मारून तोच रणगाडा नव्या पोरांच्या ताब्यात द्यायचा, ही वर्णनं डोक्यातून जात नाहीत.

आता विचारा, हा माणूस रोज बघत काय होता? फुटलेले रणगाडे. जे धड परत आले, ते त्याच्याकडे कशाला येतील? आणि रणगाडा गेला म्हणजे आतले पाचही जण गेले, असंही नाही.

खरी गडबड पुढे आहे. जास्त जड पर्शिंग रणगाडा उशिरा आला, याचा दोष कूपर पॅटनवर टाकतो. पॅटनच्या हातात तो निर्णय नव्हताच! १९४३च्या अखेरीस डेव्हर्सने हे रणगाडे मागितले, तेव्हा विरोध केला तो लेस्ली मॅकनेअरने. का? कारण त्यावेळचं डॉक्ट्रिन, म्हणजे लढायचं कसं याबद्दल सैन्याने ठरवलेली चौकट. शत्रूच्या रणगाड्यांच्या झुंडी थोपवायच्या त्या एम-१० सारख्या टँक डिस्ट्रॉयरनी; वेगवान, पातळ चिलखताच्या, वरून उघड्या. शर्मनने मुख्यतः फळी फुटली की आत घुसायचं. त्या कामाला ७५ मिमीची तोफ छानच होती, पॅंथरच्या पुढच्या चिलखतापुढे मात्र हतबल. त्यात प्रत्येक गाडा जहाजातून अटलांटिकपार न्यायचा, मग तीसेक टनांचा शर्मन सोयीचा की चाळीस टनांवरचा पर्शिंग?

माझ्या मते हे डॉक्ट्रिन चुकलंच. टँक डिस्ट्रॉयर जर्मन हल्ल्याची वाट बघणार, पण १९४४मध्ये हल्ला तर बहुतेक वेळा अमेरिकनच करत होते! साहजिकच पॅंथर आधी भेटायचा तो शर्मनला. म्हणजे कूपरचा राग खरा, पत्ता चुकीचा.

तेव्हा दुरुस्ती, माणसांची कमतरता, कारखान्यातले हाल यासाठी कूपर बिनधास्त वापरा. पर्शिंगला उशीर का झाला, यासाठी मॅकनेअर आणि डेव्हर्स यांचा पत्रव्यवहार आणि १९४२ची टँक डिस्ट्रॉयर नियमपुस्तिका उघडा.