शहाणपणाची खालची पायरी

जीवन, सुख, यश आणि मनुष्यस्वभाव या चार विषयांवरील वाक्यांची मराठीत कधीच टंचाई नव्हती. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, दिनदर्शिकेच्या पानामागचा मजकूर, निरोपसमारंभातले भाषण आणि आता पहाटेच मोबाइलवर येऊन पडणारे चार उपदेश, असा हा पुरवठा अखंड चालू आहे. वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील वाक्ये वहीत उतरवून ठेवणारी एक सबंध पिढी आपल्याकडे होऊन गेली. खांडेकरांच्या पानावर त्या वाक्याला कथेचा, पात्राच्या दुःखाचा आधार असे. वहीत उतरल्यावर वाक्य उरले आणि दुःख तेवढे गळाले. पुढे अशी वाक्ये दुःखाशिवायच तयार होऊ लागली.

या वाक्यांचा खरा दोष खोटेपणा हा नव्हे. त्यांतली बरीचशी खरीच असतात. दोष बोलणाऱ्याच्या जागेत आहे. तो वरच्या पायरीवर उभा असतो आणि माणसे लोभी, आळशी, मत्सरी असतात असे सांगताना त्या माणसांत स्वतःला मोजत नाही. याच्या उलट, खालच्या पायरीवर उभे राहून बोलण्याची एक परंपरा आपल्या अगदी शेजारी, हैदराबादेत वाढली. बिदर, गुलबर्गा, नांदेड, आदिलाबाद या पट्ट्यातल्या मराठी घरांना ती परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. तरीही आपण तिला 'त्यांची उर्दू' म्हणून बाजूला ठेवले आहे. आपले काय निसटते आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

प्रथम एक गंभीर नाव घेऊ. अमजद हैदराबादी हे रुबाईचे कवी. चार ओळींत जीवनाचे सार सांगणे हा रुबाईचा धर्मच, म्हणजे हा प्रकार सुविचाराचा सख्खा भाऊ. परंतु २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो महापूर आला, त्यात अमजद यांची आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेली; ते एकटे वाचले. त्यानंतर १९६१ साली मृत्यू येईपर्यंत हा माणूस ईश्वर, दैव आणि समाधान यांवर लिहीत राहिला. त्यांची रुबाई वाचताना कुणी आपल्याला शिकवते आहे असे वाटत नाही. ज्याने किंमत मोजली आहे तो हिशेब दाखवतो आहे, असे वाटते.

अशी किंमत पुढे सगळ्या शहरालाच मोजावी लागली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन ते मुंबई, म्हैसूर आणि आंध्र प्रदेश या राज्यांत गेले. मुक्तीचा आनंद खराच होता, तो नाकारण्याचे कारण नाही. पण कालपर्यंत ज्या उर्दूत अर्ज लिहिले, परीक्षा दिल्या आणि जमिनीचे कागद वाचले, ती भाषा कचेरीतून उठून गेली. मराठी घरातले जुने उर्दू कागद वाचायला पुढे माणूस शोधावा लागला. यश म्हणजे काय, असे या भागातल्या माणसाला विचारले तर तो सहसा चटकन उत्तर देत नाही, कारण यशाची भाषा एका रात्रीत बदलू शकते हे त्याने पाहिलेले असते.

या वातावरणातून मुज्तबा हुसैन आले. १९३६ साली गुलबर्गा जिल्ह्यात जन्म, उस्मानिया विद्यापीठात शिक्षण, नंतर 'सियासत' या दैनिकात काम. १९४८ नंतर त्यांचे थोरले बंधू, लेखक इब्राहीम जलीस, पाकिस्तानात गेले. घराचीही वाटणी झालीच. १९६२ मध्ये 'सियासत'चा 'शीशा-ओ-तेशा' हा विनोदी स्तंभ लिहिणारे शाहिद सिद्दीकी वारले आणि ते काम या तरुणावर येऊन पडले. म्हणजे विनोदी लेखक म्हणून त्यांचा जन्म झाला तो एका मृत्यूमुळे. आधीचे स्तंभकार 'कोहकन' म्हणजे डोंगर फोडणारा या नावाने लिहीत. मुज्तबांनी नाव घेतले 'कोहपैमा'. डोंगर फोडणे आपल्याच्याने होणार नाही, आपण फार तर त्याचे माप घेऊ! पहिल्याच दिवशी ते एक पायरी खाली उतरून उभे राहिले.

त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. 'तकल्लुफ बरतरफ', 'क़ता कलाम', 'क़िस्सा मुख़्तसर', 'बहरहाल', 'बिलआख़िर', 'अलग़रज़', 'आख़िरकार'. म्हणजे औपचारिकता राहू द्या, मध्येच बोलतो माफ करा, थोडक्यात सांगायचे तर, असो, सरतेशेवटी, तात्पर्य, अखेर. हे सगळे निघायची घाई सांगत दारातच तासभर रेंगाळणाऱ्या पाहुण्याचे शब्द आहेत. जीवनाचे रहस्य किंवा सुखाचा मार्ग असे नाव एकालाही नाही. आपले म्हणणे म्हणजे संभाषणाचा एक तुकडा, शेवटचा शब्द नव्हे, हे शीर्षकातच मान्य करणारा लेखक वाचकाला कमी लेखू शकत नाही.

त्यांचे खरे बळ व्यक्तिचित्रांत आहे. मित्राच्या फजितीत ते आधी स्वतःला ओढून घेतात आणि मग मित्राकडे वळतात. 'अपनी याद में' या लेखात तर त्यांनी स्वतःच्याच मृत्यूची बातमी देऊन स्वतःवर मृत्युलेख लिहिला, आणि दुःख करण्याऐवजी हे जरा आधीच व्हायला हवे होते असा सूर लावला. मृत्यूवर गंभीर वाक्ये लिहिणारे शेकडो. पण आपल्या मृत्यूला लोक किती थोडा वेळ देणार आहेत याचा असा शांत अंदाज घेणारे थोडे. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीचा निषेध म्हणून त्यांनी ती परत करण्याचे जाहीर केले. २७ मे २०२० रोजी हैदराबादेत ते गेले. त्यांच्या निर्णयाशी कुणी सहमत असो वा नसो, यशाला फार घट्ट धरून ठेवू नये हे त्यांनी केवळ लिहिले नाही, एवढे खरे.

दोषही सांगितले पाहिजेत. त्यांची कित्येक व्यक्तिचित्रे समारंभात, सत्कारमूर्तीसमोर वाचण्यासाठी लिहिलेली आहेत, आणि तेथे सौजन्य नजरेच्या आड येते. सभेतले हशे कागदावर उतरल्यावर काही ठिकाणी विरून जातात. खालच्या पायरीची सवय झाली की तीही एक अदब होऊन बसते.

हा धोका ज्यांनी अधिक चांगला ओळखला ते सुलेमान ख़तीब. हे बिदर भागातल्या चिटगुप्प्याचे, नोकरी गुलबर्ग्याच्या पाणीपुरवठा खात्यात, काव्यसंग्रहाचे नाव 'केवड़े का बन'. त्यांची भाषा दखनी. 'छोरा छोरी' ही त्यांची कविता लग्नाच्या बोलणीची आहे. मुलाकडच्यांच्या मागण्या वाढत जातात, तसे श्रोते खदखदून हसतात. मग मुलीचा बाप बोलू लागतो आणि सभा गप्प होते. हसलो कुणाला, तर ज्यांच्या रांगेत आपण स्वतः बसलो आहोत त्यांनाच, हे तेव्हा कळते. हुंड्यावरचे कोणतेही वचन एवढे काम करीत नाही. 'सास बहू' ही कविता तुलनेने सोपी आहे. तेथे हशा बायकांच्या भांडणावर निभावतो, पण सुनेला तोंड दिले आहे हे विसरता येत नाही.

मराठीत याचे नाते कुणाशी सांगायचे? माझ्या मते चिं. वि. जोशी यांच्याशी. पालीचे पंडित, बडोद्यात अध्यापक. आणि लिहिले कुणाविषयी, तर चिमणराव या साध्या कारकुनाविषयी, तेही त्याच्याच तोंडून. आपला मोठेपणा बाजूला ठेवून बोलण्याची हीच ती खालची पायरी.

दखनी तर आपल्याला भाषेनेही जवळची. तिचे 'नक्को' हे आपल्या 'नको'चेच रूप, आणि 'मैंच', 'वइच' यांतला जोर देणारा 'च' मराठीतूनच गेलेला. म्हणून ही कविता कानाला कळते, भाषांतर न करताही. पण भाषांतर करायचे झाले तर ते पुस्तकी प्रमाण मराठीत करू नये. 'छोरा छोरी'तला बाप सदाशिव पेठेतले मराठी बोलू लागला तर त्याचे दुःख निबंधासारखे होईल. त्याला उदगीर, देगलूर, भालकीच्या घरांतली मराठी द्यावी लागेल, जी शाळेत गेल्यावर चुकीची ठरवून आपणच मुलांच्या तोंडून काढून टाकतो. त्या मराठीत हे हसू आणि ही चपराक, दोन्ही बसतात. सेतुमाधवराव पगडींसारख्या निलंग्यात जन्मलेल्या अभ्यासकाने उर्दू काव्य मराठी वाचकांपर्यंत आणले. पण त्यांचा रोख मुख्यतः गालिब, इक्बाल या शिखरांकडे होता. पायथ्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते पुण्या-मुंबईचा लेखक करू शकणार नाही. दोन भाषांत भांडणारे, दोन भाषांत हसणारे घरच ते करू शकेल.

हैदराबादेत 'परसो' या शब्दाला कालमर्यादा नाही. गेल्या आठवड्यातली गोष्टही परसोची आणि निजामाच्या काळातलीही परसोचीच. परगावचा माणूस या शब्दाला हसतो. पण ज्यांची राज्ये, कचेऱ्या आणि भाषा एका जन्मात बदलल्या, त्यांनी भूतकाळाला हाताच्या अंतरावर ठेवण्याची ही युक्ती काढली असेल तर तिला अडाणीपणा कोण म्हणेल? सुखावरच्या दहा वचनांपेक्षा हा एक शब्द मला अधिक शहाणा वाटतो. तो कुणालाच काही शिकवत नाही.