वऱ्हाडच्या नबाबांचा शिर्डीतला रोजनामा

पहाटे उठणे, प्रार्थना, साईमहाराज बाहेर जाताना आणि परतताना घडलेले दर्शन, दुपारची आरती, थोडे वाचन, संध्याकाळी पुन्हा दर्शन, रात्री भीष्म नावाच्या भक्ताचे भजन आणि दीक्षितांचे रामायण. दादासाहेब खापर्डे यांच्या शिर्डी डायरीतली बहुतेक पाने याच पायवाटेने जातात. पहिल्या वाचनात आपण कंटाळतो, हे मान्य करावे. मग केव्हातरी ध्यानात येते की या एकसुरीपणातही एक ताल आहे. बाबा एक रात्र मशिदीत आणि दुसरी चावडीत निजत, म्हणून चावडीतली पहाटेची काकड आरतीही दिवसाआड. एका पानावर पहाटेची लगबग असते, तर पुढच्या पानावर निवांत सकाळ. लेखकाने हा ताल मुद्दाम साधलेला नाही, तो जगण्यातूनच कागदावर उतरला आहे, आणि म्हणूनच तो इतका गोड लागतो.

हे लिहिणारा माणूस कोण, हे आठवले की गोडी दुणावते. 1854 साली जन्मलेले गणेश श्रीकृष्ण खापर्डे म्हणजे अमरावतीचे नामांकित वकील, 1897 च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, टिळकांचे जिवलग सहकारी आणि थाटामाटामुळे लोकांनी ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणून मिरवलेले गृहस्थ. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागण्यासाठी ते विलायतेला गेले आणि सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली. अपील फेटाळले गेले. 1910 च्या अखेरीस हा माणूस पहिल्यांदा शिर्डीला आला, आणि 6 डिसेंबर 1911 ला पुन्हा आला तो थेट 15 मार्च 1912 पर्यंत राहिला.

त्याच डिसेंबरात दिल्लीत पाचव्या जॉर्जचा दरबार भरला, वंगभंग रद्द करण्याची आणि राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली. ज्या राजकारणात खापर्ड्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्याची कूस तिकडे बदलत असताना ते इकडे एका पडक्या मशिदीपुढे हात जोडून बसले होते. दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त एक मार्मिक नोंद आहे: बाबांपुढे मौन धरणारी जी मोजकी माणसे, त्यांत हे सभा गाजवणारे वक्ते होते.

आपण आता त्या मौनाकडे जरा निरखून पाहू. डायरी इंग्रजीत आहे, आणि तिचा आवाज वकिलाचा आहे. कोण आले, कोण गेले, महाराज काय बोलले, कोणावर रागावले, याची नोंद कोर्टाच्या रोजनाम्यासारखी होते. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, ही शिस्त मोडत नाही. बाबांनी सांगितलेली एखादी गूढ गोष्टही ते अर्थ न लावता जशीच्या तशी टिपून ठेवतात. चमत्कारांच्या वर्णनांनी दाटलेल्या संतचरित्रांत हा संयम दुर्मीळ, आणि माझ्या मते तोच या डायरीचा खरा अलंकार. अशा कोरड्या भूमीवर एके दिवशी अचानक पाझर फुटतो: महाराज प्रसन्नपणे हसले, आणि ते हास्य एकदा पाहण्यासाठी इथे वर्षानुवर्षे राहावे, अशा अर्थाचे एक वाक्य येते. मागची सगळी पाने जणू या एका वाक्याला जागा करून देण्यासाठीच रिकामी ठेवली होती! उपमा नाही, उद्गारांची माळ नाही; पण आजवर मोजून-मापून बोललेल्या माणसाने इतके म्हटले, यातच त्याचे वजन.

खापर्डे उतरले होते त्या वाड्यातली संगतही चाखण्याजोगी आहे. रामायण वाचणारे काकासाहेब दीक्षित मुंबईचे सॉलिसिटर, वाडाही त्यांनीच बांधलेला. दोन कायदेपंडित रात्री पोथी ऐकत बसतात आणि दुसऱ्या दिवशी घरी परतण्याची बाबांची परवानगी मिळते का, याची वाट पाहतात. कोर्टाकडून तारखा घेण्यात हयात घालवलेल्या वकिलाला इथे तारीख द्यायला कुणी तयार नाही! सरकारचा रोष ओढवलेल्या या पाहुण्याला बाबांनी अडवून धरले ते त्याच्या रक्षणासाठीच, असे भक्त मानतात. खापर्डे मात्र तर्क लढवत नाहीत. आज परवानगी नाही, एवढे लिहून ते वाचनाकडे वळतात.

म्हणून ही डायरी एका बैठकीत संपवू नये. रोज एक नोंद, तीही शक्यतो रात्री, आणि काकड आरतीचा दिवस कोणता, हे बोटांवर मोजत वाचावी.