हॅस्केलमधील एक्सएमएल पार्सिंग : लायब्ररी-निवडीचा एक दुर्लक्षित निकष

माल्कम वॉलेस व कॉलिन रन्सिमन यांनी १९९९ मध्ये हॅस्केल या फलनात्मक भाषेतील एक्सएमएल हाताळणीवर शोधनिबंध मांडला. कोणत्याही दस्तऐवजास चालणारी सामान्य फलने जोडत जावे, की डीटीडीवरून हॅस्केलचे प्रकार निर्माण करावेत, हा त्यातील मुख्य प्रश्न होय. त्यांची हॅक्सएमएल ही लायब्ररी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. एचएक्सटी पहिलीच वाट 'अ‍ॅरो'च्या साहाय्याने पुढे नेते. रचनेचे हे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि निवडीचा निकष म्हणून ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दोन्ही लायब्ररी मजकूर 'स्ट्रिंग' म्हणजे वर्णांच्या साखळीरूपात ठेवतात. ६४-बिट यंत्रावर जीएचसी कंपायलर साखळीच्या प्रत्येक दुव्यास २४ बाइट देतो. युनिकोडमधील पहिल्या २५६ वर्णांच्या प्रती सामायिक असल्याने इंग्रजीचे तेवढ्यावर भागते. देवनागरी वर्णास मात्र आणखी १६ बाइट लागतात. यूटीएफ-८ फाइलमधील ३ बाइटांचा 'क' अशा रीतीने स्मृतीत ४० बाइटांचा होतो. मराठी कोशाचे काम करणाऱ्यास इंग्रजी नमुन्यावरील चाचणी येथे चक्क फसवते. 'टेक्स्ट' प्रकारावर आधारलेली एक्सएमएल-कॉन्ड्युइट या कसोटीवर सरस ठरते.

हॅक्सएमएलमध्ये आळशी मूल्यमापनाचा पार्सरही आहे. तो स्मृती वाचवतो. परंतु अखेरच्या ओळीतील चूक उघड होईपर्यंत आधीच्या नोंदी वापरून झालेल्या असतात. एक्सएमएल मानकानुसार सुघटिततेचा भंग ही घातक त्रुटी आहे. कॉन्ड्युइटचा प्रवाही मार्गही या दोषातून सुटत नाही. त्यामुळे कोशासाठी संपूर्ण दस्तऐवज आधी वाचणारे तिचे फलनच स्वीकारावे लागते.