आकृतीतील संकेत आणि प्रमाण

विद्युत् परिपथाचे आराखडे काढण्यासाठी ‘किकॅड’ आणि रेणूची त्रिमित रचना पाहण्यासाठी ‘जेमॉल’ हे दोन्ही संगणकीय कार्यक्रम विनामूल्य मिळतात. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात, सुसज्ज प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या हौशी अभ्यासकालाही ते हाताळता येतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने दोहोंवर पाठ तयार केले असून, त्याच्या अनेक पाठांचे निवेदन मराठीतही ऐकावयास मिळते. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. तथापि साधन चालविता येणे आणि त्याने काढलेली आकृती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

किकॅडच्या आराखड्यात दोन घटक जवळ आहेत की दूर, यास अर्थ नसतो. ते परस्परांस जोडलेले आहेत की नाहीत, एवढेच तेथे सांगितलेले असते. दोन रेषा एकमेकींस छेदत असूनही छेदनबिंदूवर ठिपका नसेल, तर त्यांचा विद्युत्-संबंध नाही असे समजावयाचे. तोच परिपथ मुद्रित पट्टिकेवर उतरवू लागताच मात्र मिलिमीटरच्या अंशालाही महत्त्व येते. म्हणजे एकाच कार्यक्रमात आकृतीची भाषा दोनदा बदलते.

जेमॉलमध्ये याहून निराळा प्रकार आढळतो. तेथे अणूंची स्थाने मापनावर आधारलेली असू शकतात; परंतु ऑक्सिजनचा तांबडा आणि नायट्रोजनचा निळा रंग हे केवळ संकेत होत. अणूंना जोडणाऱ्या काड्याही पुष्कळदा कार्यक्रमच अंतरांवरून ठरवितो. क्ष-किरणांनी मिळविलेल्या प्रथिनरचनांत हायड्रोजन बहुधा नसतात, ते वस्तुतः नाहीत म्हणून नव्हे, तर त्या पद्धतीने ते सहसा दिसत नाहीत म्हणून.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. या जिल्ह्यांत सिकलसेल हा परिचित आजार आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’तील ‘२एचबीएस’ ही रचना येथील अभ्यासकाने उघडली, तर बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी आलेले व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत शिरलेले त्यास दिसेल. व्याधीचे मूळ असे डोळ्यांपुढे येणे ही मोठीच प्राप्ती आहे. परंतु ते चित्र ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिनच्या स्फटिकाचे आहे, रुग्णाच्या वाहत्या रक्ताचे नव्हे. त्यावरून एखाद्या रुग्णाची प्रकृती अनुमानिता येत नाही. हे न उमजल्यास ज्ञानाचेच रूपांतर भ्रमात होते.

प्रचलित पाठांचा भर कोणती कळ दाबावी यावर असतो, आणि निवेदन मराठीत झाले तरी पडद्यावरील भाषा इंग्रजीच राहते. अशा वेळी मराठी स्वराचे कार्य केवळ आज्ञा भाषांतरित करण्यापुरते उरते. प्रत्येक आकृतीत मोजलेले काय, मानलेले काय आणि गाळलेले काय, हे सांगणारी चार वाक्ये मराठीत जोडली पाहिजेत. २०११ साली याच दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेणे उचित होईल. शिक्षक जवळ नसणाऱ्या अभ्यासकाला शिक्षकाच्या जागी हीच वाक्ये उभी राहावयाची आहेत.